अर्धी बडगी

मित्रांनो, मी एक जुनी बडगी आहे, म्हणजे होते. आता निम्मीच उरले आहे. हिवाळ्यात आमच्या जळगावकडे मळ्यामळ्यांतून भरताच्या पार्ट्या होतात. त्यात भाजलेली वांगी ठेचायचं लांबट, खोलगट लाकडी भांडं म्हणजे बडगी.

मेहरूणच्या अभिमन आबांनी वना सुताराकडून मला सागाच्या एकाच ओंडक्यातून कोरून घेतलं. थंडी पडली की कपाशीच्या वाळक्या काड्या पेटायच्या, मिरच्या-लसूण माझ्या पोटात पडायचे आणि दोन मुसळं एकदम चालायची. डाळमिलचे हमाल, दुकानदार, शाळामास्तर सगळे एका पंगतीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी घेऊन बसायचे. कोण कुठल्या देवाचा, याची चौकशी वांग्याने कधी केली नाही. लोक बोटं चाटत भरताची वाहवा करायचे आणि मला वाटायचं, ती माझीच.

घरात नियम एकच होता. चातुर्मास लागला की वांगं बंद. चंपाषष्ठीला पहिलं भरीत-रोडगा खंडोबाला, मग माणसांना.

आबा गेले. थोरला मुलगा झुलाल शेती बघायचा आणि देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचा नाही. धाकटा रुपचंद शिरपूरला मास्तर झाला आणि त्याने देव बाजूला ठेवला. स्वभावाने दोघेही सारखेच हट्टी, हे मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात रुपचंद आपले मास्तर मित्र घेऊन मळ्यात आला, तो चंपाषष्ठीला आठ दिवस बाकी असताना. त्यांची माय, भिकुबाई, काकुळतीला आली. "रुपचंद, चंपासष्टी व्हऊ दे. मंग खाय ना, तुले कोन नही म्हणस?"

"माय, वांगं वावरमा उगस. देवले त्यानं काय?" असं म्हणून त्याने मला उचललं आणि भरीत ठेचलंच.

त्याच आठवड्यात झुलालचा खोंड पोट फुगून मेला. झुलालने बोल लावला तो रुपचंदला. त्याने सगळ्या गल्लीदेखत मला गोमूत्राने धुतलं आणि रुपचंद सगळ्या गल्लीदेखत हसला. खरं सांगू? मला ते धुणंही आवडलं नाही आणि ते हसणंही नाही.

प्रकरण वाटणीवर गेलं. जमीन वाटली, बैल वाटले, अडलं ते माझ्यापाशी. "देवना निवदनं भांडं शे, तुले नही देवाव," झुलाल म्हणाला. "पंगतनं भांडं शे, बठ्ठासनं, सगळासनं शे," रुपचंद म्हणाला. वाटणीला पंच म्हणून बसलेले भिकन नाना वैतागून बोलून गेले, "मंग करा दोन तुकडा!"

दोघेही म्हणाले, "करा."

वना सुताराला बोलावलं. त्याने करवत खाली टाकली आणि तो निघून गेला. तेव्हा तीच करवत दोन बाजूंनी दोघा भावांनी धरली. कितीतरी दिवसांनी त्यांनी मिळून एक काम केलं, ते हे. माय ओसरीवर तोंडात पदर कोंबून बसली होती.

एक अर्धी झुलालकडे राहिली. मी शिरपूरला गेले. तिथे सात वर्षं खाटेखाली रद्दी सांभाळली. रुपचंदच्या घरी भरीत व्हायचं, पण ते मिक्सरमधलं. अर्ध्या बडगीत काय ठेचणार?

परवा अचानक माय दारात उभी राहिली. झुलाल अडवील म्हणून त्याला न सांगताच एस.टी.त बसली होती. "वना म्हणस, दोन्ही अर्ध्या आना, लोखंडनी पट्टी मारी देस. मना डोळासमोर एकदाव दोन्हीजन पंगतमा बठा रे."

रुपचंदने मला खाटेखालून ओढून काढलं आणि पुसलं. "चंपासष्टीले येसू माय. पन देवना पाया नही पडाव."

"नको पडू. मना जोडे, मना बाजूले बठजो."

मायने मला मांडीवर घेतलं ते मेहरूणपर्यंत सोडलं नाही. सबंध वाटेत ती खिडकीशी बसून एकटीच हसत होती.

आणि आम्ही दोघी घरी आलो, तर अंगणात राख. माय आपल्याला टाकून कायमची धाकट्याकडे गेली, असं झुलालला वाटलं होतं. त्या रागात त्याने माझी दुसरी अर्धी अंगणातल्या चुलीत घातली. मायला पाहिल्यावर तो भिंतीला डोकं लावून रडला. पण लाकूड जळून गेलं होतं.

आज चंपाषष्ठी आहे. मायने वांगं भाजलंय. माझी एक बाजू उघडी, म्हणून तिथे तिने स्वतःचा पाय आडवा लावलाय आणि ती ठेचते आहे. भरीत तिच्या घोट्यावरून मातीत सांडतंय. ओंजळीने ते ती परत आत लोटते आहे.

शब्दाला जागून रुपचंद शिरपूरहून आलाय, पण फाटकाबाहेर उभा आहे. "भाऊ ये म्हणी, मंग येसू." झुलाल देवघरातून उठत नाही. "आधी देवले हात जोड म्हना त्याले."

"मना हात थकनात रे पोरेहो," माय म्हणते. दोघांनाही ऐकू जातंय, आणि कुणीच हलत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही देव मानणारे असतील, न मानणारे असतील. खुशाल वाद घाला. पण ज्यात सगळ्यांचं जेवण होतं, त्यावर करवत धरू नका. सांधायची बुद्धी होईल तेव्हा दुसरा तुकडा हाती असेलच असं नाही. जाऊ द्या, उपदेशाला आता वेळ नाही. मला पाय नाहीत, तुम्हाला आहेत. कुणीतरी पळत जा. फाटक उघडा, एका हाताने त्याला आत ओढा, दुसऱ्या हाताने याला बाहेर ओढा. माय अजून ठेचतेच आहे आणि माझ्यात काहीच राहत नाहीये.