उभं कोणी राहायचं

आमच्या वॉर्ड समितीच्या अध्यक्षांना सगळे मंजूरभाऊ म्हणतात. विषय वाचायचा, "हरकत असेल त्यांनी उभं राहावं" म्हणायचं, आणि कोणी मान वर करायच्या आत "मंजूर" म्हणून मोकळं व्हायचं, ही त्यांची पद्धत.

या वेळचा विषय मात्र थेट माझ्या घरात शिरला. गल्लीतला दवाखाना हमरस्त्यापलीकडे हलवायचा आणि इथे गाड्या लावायला जागा करायची. माझ्या सासूबाईंना मधुमेह. पायाची जखम भरता भरत नाही, रोज ड्रेसिंग लागतं. माझ्या खांद्यावर भार टाकून त्या कशाबशा दवाखान्यापर्यंत पोचतात. हमरस्ता ओलांडणं जमायचं नाही, आणि ड्रेसिंग चुकलं की पाय जाणार. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, पण म्हणून त्यांचा पाय मी गाड्यांसाठी द्यायचा काय?

मी शिवणकाम करते. दंडाला टेप लावला की बाई जागची हलत नाही, सांगू ते ऐकून घेते. त्या आठवड्यात माझ्या हाती टेप होता आणि तोंडी दवाखाना. "सभेला या, आणि घरातल्या आजारी माणसांनाही घेऊन या," एवढंच मी प्रत्येकीला सांगितलं.

सभा शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर म्हातारी मंडळी कशीबशी मावली. वाटेत काठ्या, वॉकर. भाऊंनी विषय वाचला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

मी ताडकन उठले. शेजारी सासूबाईंनी बाकाला धरून जोर लावला, पण उठता येईना. पलीकडचे निवृत्त ड्रायव्हर अर्धे उठले आणि कळवळून खाली बसले.

"एकच हरकत. मंजूर," मागच्या बायका उठायच्या आतच भाऊ म्हणाले.

माझं डोकं सणकलं. "थांबा, भाऊ. ज्यांना उभं राहता येत नाही, त्यांचाच हा दवाखाना आहे. उलटं विचारा. ज्यांना मंजूर आहे त्यांनी उभं राहावं."

"अशी पद्धत नाही."

"मग आज पाडू."

मागून बायकांनी "विचारा, विचारा" म्हणून धोशाच लावला. शेवटी भाऊंनी कपाळ पुसलं आणि विचारलं. समितीतला एक जण उठायला लागला, तर त्याच्या आईनेच शर्टाला धरून त्याला खाली बसवलं. बाकी कोणी हललं नाही.

"नामंजूर," भाऊ म्हणाले. सवय नसल्यामुळे अडखळलेच.

मग माझ्याकडे वळून त्यांनी टोमणा मारला, "एवढं कळतं तर समितीत या की. निवडणूक आलीच आहे. राहा उभ्या."

मी तोंड उघडणार, तोच सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "राहील. आम्हाला जमत नाही, म्हणून तीच राहील."

लग्न होऊन आल्यापासून या बाईने मला न विचारता बरंच काही ठरवलंय. पहिल्यांदाच मला ते पटलं.