पुंटी

"मास्टरमशायना माइक द्यायचाच का?" इंदुलेखादींनी पुन्हा विचारलं.

"सत्काराला बोलावलेला माणूस बोलणारच ना, बडदी," भूगोलाच्या तृप्तीदी म्हणाल्या. "का हार घालून देवासारखं गप्प बसवायचं?"

इंदुलेखा भादुडी म्हणजे कृष्णनगरच्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणून साऱ्यांच्या 'बडदी', मोठ्या ताई, आणि गाण्याच्याही बाई. त्यांची चाहूल लागली की नववीचा वर्ग श्वाससुद्धा तालात घेई. अशा बाईंचं घरचं नाव पुंटी होतं. पुंटी म्हणजे तळ्यातली बोटभर मासळी. बंगाली माणसाला दोन नावं असतात. एकाने तो मोठा होतो, दुसरं त्याला होऊ देत नाही. हे दुसरं उंबऱ्याबाहेर काढायचं नसतं. आईवडील, काका-काकू गेल्यावर ते घेणारं एकच तोंड उरलं होतं, आणि तेच आज माइकसमोर येणार होतं. शिबनाथ मास्टरमशायनी त्यांना फ्रॉकात असल्यापासून गाणं शिकवलं. सूर हलला की ते साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "पुंटी, मासळीबाजारात बसलीस का?"

हे मुलींच्या कानी पडलं की संपलंच. फळ्यावर मासा उमटायला मधल्या सुट्टीचीही वाट पाहावी लागली नसती.

माकडटोपीतल्या मास्टरमशायना रिक्षातून उतरवलं. हार झाला, संदेशाची मिठाई झाली. मग मुली गायल्या. पेटीवर इंदुलेखादी होत्या. शेवटचा अंतरा त्यांनी एकटीने घेतला, आणि धास्तीने कोमल निषाद हललाच. त्यांनी डोळे मिटले. आता येणार.

काठी टेकत मास्टरमशाय पेटीपाशी आले. त्यांनी हात जोडले.

"फार गोड गाता आपण. निषाद तेवढा सांभाळा. कुणाकडे शिकलात?"

इंदुलेखादींनी त्यांच्या डोळ्यांत थट्टा शोधली. नव्हती.

"होते एक मास्टरमशाय."

"रागवायचे का?"

"ओरडायचे."

"काय म्हणून?"

पेटीसमोरचा माइक चालूच होता. तृप्तीदी हाताने खुणावत होत्या.

"पुंटी म्हणून," इंदुलेखादी म्हणाल्या. सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं.

मास्टरमशायनी ते नाव तोंडात घोळवून पाहिलं. "छान आहे," म्हणाले, आणि पुन्हा हात जोडून खुर्चीकडे वळले.

नववीच्या रांगेत कुणी हसलं नाही. इंदुलेखादींचा डावा हात भाता हलवत राहिला. पट्टी मात्र एकही दाबलेली नव्हती.