बांधातलं शिसं

डाळजच्या माळावर, हायवे सोडून आत, माजी सैनिकांनी चालवलेला एक रायफल क्लब आहे. पत्र्याची शेड, लोखंडी दाराचं शस्त्रागार आणि समोर मुरमाच्या उतारावर निशाणं लावायची जागा, एवढाच त्याचा पसारा. शस्त्रागारात जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आहेत. आधी फौजेनं वापरलेल्या, मग पोलिसांनी वापरलेल्या, आणि दोघांनी सोडून दिल्यावर या माळावर आलेल्या. त्यांना जिवंत ठेवलं होतं आबासाहेबांनी. फौजेत त्यांनी आयुष्यभर आर्मररचं, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायचं, काम केलं होतं, आणि क्लबाला काडतुसं पुन्हा भरायचा जो परवाना होता तो त्यांच्याच भरवशावर.

यशराज घोगरे या क्लबातला पहिल्या नंबरचा नेमबाज. बावड्याला त्याची डाळिंबाची बाग होती. फवारणी, छाटणी उरकून रविवारी सकाळी तो माळावर हजर व्हायचा. जुन्या रायफलींची राज्याची स्पर्धा दिवाळीनंतर होती आणि यंदा क्लबाचं नाव तोच काढणार, असं सगळे धरून चालले होते.

अडचण आली ती गोळ्यांची. रिकाम्या पितळी पुंगळ्या क्लबाकडं पोत्यानं होत्या, दारू होती, मागं बसवायच्या टिकल्या होत्या. पण पुंगळीच्या तोंडात बसणारी, तांब्याच्या कवचाची ती टोकदार गोळीच मिळेना. पुण्याच्या दुकानदारानं आधी पुढच्या महिन्यावर ढकललं, मग फोन उचलायचं सोडलं. शेवटी क्लबाची बैठक बसली. शिल्लक राहिलेला एकुलता एक खोका यशराजला द्यायचा आणि बाकीच्यांनी यंदा थांबायचं, असं ठरलं. कुणी कुरकुर केली नाही. यशराजलाही ते रास्तच वाटलं.

तेवढ्यात मागून उत्कर्षा निंबाळकर उठली. भवानीनगरला कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती उसाचा रस तपासायची. क्लबात येऊन तिला फार काळ झाला नव्हता, नेमही बेताचाच. तिनं आबासाहेबांना विचारलं, की गोळी कसली असावी असं स्पर्धेच्या नियमात काही आहे का. आबासाहेब म्हणाले, सुरक्षित असावी, एवढंच आहे.

"मग माझं नाव राहू द्या," ती म्हणाली. "गोळ्यांचं मी बघते."

यशराजला हसू आलं. त्यानं ते दाखवलं नाही इतकंच.

पुढच्या रविवारी तो आला तेव्हा उत्कर्षा निशाणामागच्या मातीच्या बांधावर बसली होती. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे आणि पुढ्यात वाळू चाळायची मोठी चाळण. इतकी वर्षं मारलेली प्रत्येक गोळी त्याच बांधात जाऊन बसली होती. माती खाली पडत होती आणि चाळणीत वेडेवाकडे, काळपट तुकडे उरत होते. कवच काढून आतलं शिसं वितळवायचं आणि त्याच्या नव्या गोळ्या ओतायच्या, असा तिचा बेत होता. गाळप हंगाम संपलेला, त्यामुळं तिच्या हाताशी वेळ होता.

आबासाहेब आधी नको म्हणाले होते. शिशाच्या गोळ्या पूर्वी लोक ओतायचे हे त्यांना माहीत होतं, पण आता ती कटकट कोण करणार. उत्कर्षानं त्यांचं नकोपण दोन रविवारांत घालवलं. शिशाचा धूर अंगाला वाईट, हे ती पक्कं जाणून होती. शेडच्या बाहेर, वाऱ्याची पाठ बघून तिनं चूल मांडली. साबणानं हात धुतल्याशिवाय कुणी चहाच्या कपाला शिवायचं नाही, असा नियम केला. आबासाहेबही तो पाळू लागले. नुसतं शिसं मऊ पडतं म्हणून तिनं कल्हईवाल्याकडून कथील आणलं. साचा आबासाहेबांच्या जुन्या पेटीत निघाला.

पहिल्या गोळ्या दिसायला छान, पांढुरक्या चकचकीत. त्या मारल्या त्या दिवशी क्लबातले सगळे बघायला जमले होते. निशाणाचा कागद आणला तर भोकं गोल नव्हतीच. सदऱ्याच्या काजासारखी लांबट होती. गोळ्या हवेत कोलांट्या घेत आडव्या गेल्या होत्या. काही तर कागदाला लागल्याच नव्हत्या. लोक हळूहळू पांगले. उत्कर्षा तो कागद घेऊन शेडमध्ये आली आणि आबासाहेबांसमोर पसरून बसली.

आबासाहेबांनी तिच्या रायफलीची नळी तपासली. इतकी वर्षं राबून ती आतून झिजली होती, आणि साच्यातली गोळी तिला सैल पडत होती. "नळीनं गोळीला धरलं पायजे," ते म्हणाले. "हितं तर ती नुसती घरंगळत जातीया."

मग भवानीनगरच्या लेथवाल्याकडून साचा केसभर मोठा करून आणला. भोकं गोल झाली, पण नळीत शिसं चिकटायला लागलं. थोडा वेळ नेमबाजी आणि त्याच्या कितीतरी पट वेळ घासणं. आबासाहेबांनी दारू कमी केली, तिनं गोळ्यांना मेण लावून बघितलं. एक गोष्ट बदलायची, मारायचं, बघायचं, मग दुसरी बदलायची. दोन्ही एकदम बदलायला ती आबासाहेबांनाही देत नसे. सावकाश जाणारी गोळी लांबवर खाली पडायची, म्हणून कुठल्या अंतराला नेम किती वर धरायचा हे तिनं नव्यानं बसवलं. गणपती उठेपर्यंत तिची सगळी भोकं एका बशीखाली झाकतील इतकी जवळ आली होती.

इकडं यशराजचं वेगळंच झालं होतं. चांगल्या गोळ्या मोजक्या, म्हणून तो त्या जपत होता. रविवारी दोनचार मारायचा आणि खोका बंद करायचा. घरी रिकाम्या हातानं नेम धरण्याचा सराव करायचा. पण प्रत्येक गोळी उडवताना, ही वाया गेली तर, असं मनात यायचं आणि घोड्यावरचं बोट आखडायचं. एका रविवारी दोघं शेजारी पडून मारत होते. कागद आणले तेव्हा तिचा कागद त्याच्याहून उजवा होता. ती पुढचा कागद लावायला निघून गेली. त्यानं मात्र तो कागद पुन्हा पुन्हा बघितला.

घरी जाताना त्याला आधी राग आला. तिचा, आबासाहेबांचा, कुणाचाही. अर्ध्या वाटेपर्यंत तो टिकला. पुढं इंदापूर येईतो त्याला कळून चुकलं, की राग धरावा असं त्या बाईनं काही केलंच नव्हतं. तो बैठकीत जे मिळालं ते घेऊन गप्प बसला होता, आणि ती उन्हातान्हात बांध उकरत होती.

पुढच्या वेळी तो तिच्यापाशी गेला. विचारायला जड गेलं, तरी विचारलं.

"उत्कर्षाताई, सरावाला तुमच्या गोळ्या मिळतील का?"

"मिळतील की, दादा. पन चाळायला बसावं लागंल."

"बसतो."

तिनं त्याला मोजे दिले. चाळताचाळता ती म्हणाली, "तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला हाय. पन गोळी जपून ठिवली की ती काय शिकवत न्हाय. उडवली तरच शिकवती."

तेव्हापासून तो शिशाच्या गोळ्यांवर सराव करू लागला. शंभर उडवल्या तरी बांधात जाऊन परत मिळणार, म्हटल्यावर बोटातली भीती आपोआप गेली.

स्पर्धेला दोघंही गेले. यशराजनं ठरल्याप्रमाणं क्लबाच्या चांगल्या गोळ्या वापरल्या. उत्कर्षाची ती मातकट, करडी काडतुसं बघून शेजारच्या एका गृहस्थानं, जाळ्याला बांधायचं शिसं घेऊन मासे धरायला आलात का, असं गमतीनं विचारलं. ती हसली आणि आडवी पडून नेम धरू लागली. शंभर मीटरची फेरी संपली तेव्हा तिचं नाव वरून दुसरं होतं. तेच गृहस्थ मग तिच्याकडं आले आणि गोळ्या हातात घेऊन बघायची परवानगी मागू लागले. तिनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, अगदी आडव्या गेलेल्या गोळ्यांसकट.

दोनशे मीटरला मात्र वारा उठला. सावकाश गोळीला वाऱ्याइतका दुसरा वैरी नाही. बाकीच्यांनी भराभर मारून मोकळं व्हायचं बघितलं. यशराजचंही उरकलं होतं. तो मागं उभा राहून तिच्याकडं बघत होता. ती रायफल खांद्याला लावून नुसती पडून होती. डाळजच्या माळावर उजनीच्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात तिनं पावसाळाभर हेच केलं होतं. वारा दाखवणारा झेंडा खाली आला की एक गोळी, आणि पुन्हा थांबणं. पंचानं वेळ संपत आल्याचं सांगितलं तरी तिनं घाई केली नाही. एक गोळी झोताबरोबर कडेला गेली. ती तिनं नुसती बघितली, खांदा जरा सैल केला आणि पुढची भरली. शेवटची गोळी वेळेच्या अगदी तोंडावर सुटली आणि मधोमध बसली.

ती तिसरी आली. यशराज पाचवा. राज्यात इतका वर तो आजवर कधीच आला नव्हता. पण त्या संध्याकाळी भेटेल त्याला तो स्वतःचं सांगत नव्हता, तिचं सांगत होता. आबासाहेबांना फोनही त्यानंच लावला. म्हातारा म्हणाला, "पोरीनं रायफलीची लाज राखली बघ." आणि नळी साफ केल्याशिवाय पेटीत ठेवू नका, असं बजावून फोन ठेवला.

दिवाळीनंतर गाळप सुरू झालं आणि उत्कर्षाला रविवारीसुद्धा कामाची पाळी लागायची. तरी मिळेल त्या सकाळी ती माळावर यायची. आता बांधावर एकटी नसायची. यंदा थांबलेले सगळे, पेन्शनीतले सुभेदार आणि हवालदार, मोजे घालून ओळीनं बसलेले असायचे, आणि ती त्यांच्यामागून फिरत कुणाचा मास्क नाकाखाली घसरलाय ते बघायची. यशराजनं एकदा बागेतली डाळिंबं पाटीभर आणली आणि चाळता चाळताच एक फोडायला घेतलं. तिनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं, नळाकडं बोट दाखवलं, आणि क्लबातला पहिल्या नंबरचा नेमबाज मुकाट्यानं हात धुवायला उठला.