चाळीस टक्के शामियाना

शंतनुला आजवर कुणी खोटं पाडलं नव्हतं, कारण खोटं पाडण्याजोगं तो कधी काही बोलतच नसे. नशिबाने नोकरीही त्याला तशीच मिळाली. बंगळूरुच्या एचएसआर लेआउटमधल्या एका हवामान कंपनीत तो मलनाडच्या डोंगराळ भागाचा हंगामी अंदाज लिहायचा. यंदाच्या शरद ऋतूसाठी त्याने लिहिलं होतं, 'पाऊस सरासरीच्या आसपास राहू शकेल. काही ठिकाणी तो कमी, तर काही ठिकाणी जास्त होण्याची शक्यता नाकारता येत नाही.' मॅनेजर अभिराजने 'सरासरीच्या' आधी 'साधारणतः' घातलं आणि शंतनुची पाठ थोपटली. पाऊस पडला तर आपण म्हणालोच होतो आणि नाही पडला तरी म्हणालोच होतो, हे त्या ऑफिसचं ब्रीद होतं. तिथे 'होईल' असं लिहिणाऱ्याला बाजूला घेऊन प्रेमाने समज दिली जाई.

ही विद्या शंतनु संध्याकाळी ऑफिसात ठेवून आला असता तर बरं झालं असतं. पण तो ती घरी आणायचा.

त्याचं रक्षिताशी लग्न ठरलं होतं. रक्षिताचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरुचं. घरात बोलायचे मराठीच, पण वाक्यावाक्यात कन्नड डोकवायची. आई गेल्यापासून के. आर. पुरमच्या घरात ती आणि वडील कृष्णाजी, असे दोघेच. म्हणून तिची एकच अट होती : लग्नानंतर राहायचं ते बंगळूरुत, अण्णांच्या जवळ. त्यावर शंतनु म्हणाला होता, "पुण्याला जाण्याची शक्यता फारच कमी आहे." रक्षिता खूश झाली.

तिकडे पुण्याहून त्याची आई, सुचेताताई, दर रविवारी फोनवर विचारायची, "लग्नानंतर इकडेच येताय ना रे? तुमची खोली रंगवून घेतलीय."

"शक्यता बरीच आहे, आई."

तीही खूश. दोन्ही शहरांत आभाळ निरभ्र!

रक्षिता मात्र अधूनमधून विचारायची, "तू आईंना सांगितलंस ना, आपण इथेच राहणार म्हणून?"

"साधारण कल्पना दिलीय," शंतनु म्हणायचा. सुचेताताईंना रंगाच्या छटेपलीकडे कसलीही कल्पना नव्हती.

साखरपुडा ठरला दसऱ्यानंतरच्या रविवारी, मुडिगेरेजवळ, रक्षिताच्या मामाच्या कॉफी इस्टेटीवर. घरासमोर कॉफी वाळवायचं मोठं खळं होतं, समोर डोंगर, फोटो झकास आले असते. प्रश्न फक्त पावसाचा होता, आणि तो विचारायला कृष्णाजींना बाहेर कशाला जायला हवं होतं? होणारा जावई हवामानवाला, तोही नेमका त्याच डोंगरांचा. सगळ्या नातेवाइकांत त्यांनी ही गोष्ट छाती फुगवून सांगितली होती.

"शंतनुराव," त्यांनी विचारलं, "शामियाना घालायचा, का बेडा, नकोच? पाऊस येतो की नाही, तेवढं सांगा."

"अण्णा, चाळीस टक्के शक्यता आहे."

"चाळीस." कृष्णाजींनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आयतु, झालं तर! मग चाळीस टक्के खळ्यावर शामियाना घालतो. साठ टक्के लोक तर कोरडेच राहणार."

शंतनुने तोंड उघडलं. त्यांना समजावायचं म्हणजे पुढे एकतर 'सगळं झाका' म्हणावं लागणार, नाहीतर 'काहीच झाकू नका'. दोन्हींपैकी काहीही बोललं की ते त्याच्या नावावर लागणार. त्याने तोंड मिटलं, मग पुन्हा उघडून म्हणाला, "हो, तसंही करता येईल."

आणि खरोखरच तसं केलं गेलं. रविवारी सकाळी खळ्याच्या एका बाजूला लाल-पिवळा शामियाना उभा होता आणि उरलेल्या मोठ्या भागावर मोकळं आभाळ. कृष्णाजी जातीने सगळ्यांना बसवत होते. वराकडची मंडळी मानाची, म्हणून ती शामियान्यात. आपली माणसं उघड्यावर. "तुम्ही साठ टक्क्यांतले," ते आपल्या भावकीला सांगत होते, "तुम्हाला काही होत नाही. अळियांनीच, आपल्या जावयांनीच हिशेब घातलाय."

अंगठ्यांचं तबक आलं तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं आणि त्याच्या मागोमाग पाऊस. भावकी आधी सभ्यपणे भिजली. पाहुण्यांच्या जागेत कसं घुसायचं! शेवटी सुचेताताईच ओरडल्या, "अहो, या ना आत! जरीच्या साड्या आहेत अंगावर!" मग काय, शंभर टक्के माणसं चाळीस टक्के शामियान्यात शिरली. पानं, फुलं, नारळ, भटजी, सगळे एकमेकांच्या अंगावर. त्या रेटारेटीत सुचेताताईंची खुर्ची कृष्णाजींच्या खुर्चीला येऊन भिडली. एरवी ही दोघं दिवसभर लांबून हसत राहिली असती.

"अक्का," कृष्णाजी हात जोडून म्हणाले, "तुमचे उपकार मोठे. मुलगा आमच्याजवळ ठेवलात. माझी पोर डोळ्यांसमोर राहते."

"काय म्हणालात?" कापडावर पावसाचा नुसता धडाका लागला होता.

"शंतनुराव बंगळूरुतच राहतात म्हणून म्हणतोय!" कृष्णाजींनी आवाज चढवला.

"छे हो, ती दोघं पुण्याला येणार आहेत!" सुचेताताईंनीही चढवला. "खोली रंगवून झालीय!"

एवढं ऐकू न गेलेलं माणूस शामियान्यात एकही नव्हतं. सगळ्या माना एकदम शंतनुकडे वळल्या.

रक्षिता त्याच्या समोरच उभी होती. केसांतून पाणी निथळत होतं. रागावलेली नव्हती, फक्त वाट बघत होती. "शंतनु, बंगळूरु की पुणे?" तिने विचारलं. "एकच शब्द सांग."

शब्द त्याच्याकडे होता, हीच लाजेची गोष्ट. मनात त्याचं केव्हाच ठरलं होतं : रक्षिता, आणि ती जिथे राहील ते गाव. त्यात चाळीस नाही, साठ नाही, तिळमात्र शंका नव्हती. पण समोर आई होती, चुरगळलेल्या पैठणीत, तोंड उघडं ठेवून त्याच्याकडे बघत.

"म्हणजे... दोन्ही शक्यता आहेत," तो म्हणाला. "पुढच्या काही महिन्यांत चित्र अधिक स्पष्ट होऊ शकेल."

अभिराज तिथे असता तर त्याने पाठ थोपटली असती.

मग सुचेताताईच हळूच म्हणाल्या, "मला सांगायचंस रे. मी काय अडवलं असतं? नसती रंगवली खोली."

कृष्णाजी रागावले असते तर शंतनुला सोसलं असतं. ते उठले आणि नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "अंगठीचं स्वल्प थांबवू या. स्वयंपाक झालाय, जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

रक्षिताने तबकातली डबी उचलली, बंद केली आणि शंतनुच्या हातात ठेवली. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बंगळूरु, बंगळूरु, बंगळूरु. आता उत्तर द्यायला कसलीच अडचण नव्हती, कारण आता ते कुणी विचारत नव्हतं.

कापडावरचा आवाज हळूहळू कमी झाला. माणसं बाहेर सरकू लागली. खळ्यावर ऊन पडलं, समोरचे डोंगर धुऊन निघाले. फोटोला याहून चांगला उजेड मिळाला नसता.

रक्षिता केळीची पानं घेऊन निघाली होती. शामियान्याच्या कडेशी ती थांबली.

"पाऊस थांबला?" तिने त्याला विचारलं.

शंतनुने वर बघितलं. "थांबला."

"नक्की?"

"नक्की."

"बघ," ती म्हणाली, "येतं की तुला." आणि पानं मांडायला निघून गेली.