चौथ्या वेळी अंगठा उडेपर्यंत

मी अंगठ्याची हालचाल मोजणारा मॉनिटर. जेमतेम तळहाताएवढा. ऑपरेशन थिएटरातली बाकीची यंत्रं हृदय, श्वास, रक्तदाब अशा भारदस्त गोष्टी सांभाळतात आणि माझ्या वाट्याला आला तो अंगठा!

काम सांगतो. ऑपरेशनच्या वेळी पेशंटला भूल देतात आणि स्नायू ढिले पडावेत म्हणून आणखी एक औषध देतात. मग त्याला स्वतःचा श्वासही घेता येत नाही. घशात नळी घालून यंत्र तो देतं. शेवटी उताऱ्याचं इंजेक्शन देऊन स्नायूंना पुन्हा जागं करतात. ते खरोखर जागे झाले का, हे मी बघतो. मनगटाला ओळीनं चार बारीक झटके देतो, अंगठा चारदा उडतो. चौथी उडी पहिलीच्या किती टक्के, तो आकडा मी दाखवतो. नव्वदपर्यंत पोचल्याशिवाय नळी काढायची नसते.

पण पहिली दोन वर्षं मी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात धूळ खात पडलो. ‘ते वायरींचं लचांड कोण लावत बसणार?’ असं सगळ्यांचंच मत. अंदाजावर बरं चाललं होतं.

एका दुपारी ते चाललं नाही. पेशंट एक वयस्कर मास्तर होते. नळी काढली आणि श्वास पुरेना. बाहेर पळापळ, मास्क, ओरडाआरडा. मला कप्प्यात सगळं ऐकू येत होतं. मास्तर वाचले. तिसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ बाई ट्रॉलीपाशी येऊन सिस्टरला म्हणाल्या, “मास्तरांना सगळं कळत होतं. हाक मारायची होती म्हणे, पण जीभच हलेना.” मग त्यांनी खालचा कप्पा ओढला.

तेव्हापासून मी कामाला लागलो, पण त्या कामाचं मोल मला कळलं ते एका आजींमुळे.

वय चौऱ्याऐंशी, पित्ताशयाचं ऑपरेशन. जन्मभर धाकट्या बहिणीबरोबर शिवणाचं दुकान चालवलेलं. अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता. ऑपरेशन छान झालं. बाईंनी उतारा दिला. तरण्याताठ्यांचा आकडा दोन-तीन मिनिटांत वर जातो. आजींचा चाळीसवर आला आणि रेंगाळला.

“बोटं हलताहेत की! काढा नळी,” सर्जन म्हणाले. “पुढचा पेशंट ताटकळलाय.”

“बोटं हलली म्हणून थुंकी गिळता येईल असं नाही, सर. वय झालंय, औषध पोचायला वेळ लागतो. भूल चालूच ठेवते, तोवर त्यांना काही कळायला नको.”

बावन्न. एकसष्ट. बाईंनी आजींचा हात आपल्या हातात घेतला होता. सर्जन घड्याळाकडे बघत होते, मग तेही माझ्याकडे बघू लागले. अडुसष्ट. पुन्हा अडुसष्ट. मी झटके देत होतो आणि मनातून म्हणत होतो, आजी, उडवा हो अंगठा!

शहात्तर. पंच्याऐंशी.

चौऱ्याऐंशी वर्षं राबलेला तो अंगठा कुठल्या खोल जागेतून परत येत होता, कोण जाणे. आधी नुसता थरथरला, मग उचलला गेला, मग चौथ्या झटक्यालाही पहिल्याइतकाच ताठ उडाला. ब्याण्णव. माझ्या पडद्यावर नुसता आकडा होता, पण मला तिथं एक माणूस उंबरा ओलांडून घरात येताना दिसला.

मग भूल बंद केली. आजींनी डोळे उघडले, मान उचलली. नळी निघाली. एक खोकला, आणि मग त्यांचा स्वतःचा, मोठा, खरखरीत श्वास.

“आजी, काही हवंय?” बाईंनी वाकून विचारलं.

“कवळी,” आजी पुटपुटल्या. “धाकटीकडे दिलीय. हरवेल ती!”

सर्जन सगळ्यांत आधी हसले.

आता माझा पट्टा झिजलाय, वायरीला चिकटपट्टी लावलीय. नव्या मोठ्या यंत्रात माझं काम आतच बसवलेलं असतं म्हणतात. असू दे. माझं मागणं तुमच्यापाशी एवढंच: कधी तुमचं म्हातारं माणूस आत असेल आणि ऑपरेशन संपल्याचं कळूनही दार उघडत नसेल, तर लगेच धीर सोडू नका. आत कुणीतरी त्याचा हात धरून थांबलेलं असेल. त्यांना थांबू द्या.