एकदोनचा हात हळू पडला

मी कॅमेऱ्याचं हँडल बोलतोय. हसू नका! मूकपटांच्या दिवसांत आमच्या कंपनीत मालकांच्या खालोखाल माझाच मान होता. कॅमेऱ्याला मोटर नव्हती. कॅमेरामनने मला सेकंदाला दोनदा फिरवायचं, तेव्हा कुठे पडद्यावरची माणसं माणसांसारखी चालायची. हात हळू पडला, की चित्रं कमी निघायची आणि थेटरात ती नेहमीच्या वेगाने दाखवली, की तीच माणसं पडद्यावर निखाऱ्यांवरून पळाल्यासारखी धावत सुटायची.

आमचा कॅमेरामन तोंडातल्या तोंडात 'एक-दोन, एक-दोन' पुटपुटत मला फिरवायचा. म्हणून सगळे त्याला एकदोनच म्हणायचे. अगदी त्याची बायकोसुद्धा! समोर तलवारी चालोत, नाहीतर नायिका विहिरीत उडी मारो, याचा हात कधी ढळला नाही.

मग कंपनीचे तीन मूकपट ओळीने आपटले. मालकांनी सगळ्यांना गोळा केलं.

"हा चौथाही पडला, तर दाराला कुलूप. तेव्हा असं रडवा, की लोकांना रुमाल पुरता कामा नयेत!"

शेवटच्या प्रसंगात आजारी आईकडे लेक धावत येतो, तिचा हात धरतो आणि ती प्राण सोडते. एकदोनची स्वतःची आई महिन्यापूर्वीच गेली होती. हा कंपनीच्या कामाने परगावी. पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

चित्रण सुरू झालं. लेकाने आईचा हात धरला आणि माझ्यावर टपकन पाणी पडलं. एक... दोन... एक... अहो, हात मंदावलाय हे मला कळत होतं! पण मी पडलो हँडल, बोंबलणार कुठून?

फिल्म धुऊन आली ती थेट पहिल्या खेळालाच. पडद्यावर लेक तुरुतुरु आला, आईने टुणकन मान टाकली, डॉक्टर नाडी बघून सुसाट पळाला. लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. मालकांनी आधी कपाळ बडवलं. दुसऱ्या खेळाची रांग बघून मात्र एकदोनला मिठीच मारली.

"पुढच्या वेळी आई-बाप दोघांनाही मारू या!"

कंपनी वाचली. एकदोनने ती फिल्म पुन्हा पाहिली नाही. "माझ्या आईला हसले गं," एवढंच बायकोला म्हणाला.

पुढे बोलपट आले, कॅमेऱ्याला मोटर बसली. मोटर काही रडत नाही, त्यामुळे माझी गच्छंती झाली. एकदोनने मला घरी आणलं. तेव्हापासून मी ड्रॉवरमध्ये, किल्ल्या हरवलेल्या कुलपांच्या शेजारी. भारी कुरकुरी मंडळी!

परवा त्याच्या लेकीला एका थेटराच्या माळ्यावर त्याच प्रसंगाचं रीळ मिळालं आणि हाताने फिरवायचा जुना प्रोजेक्टरही. त्याचं हँडल गायब होतं. तिने मला लावून पाहिलं, मी खटकन बसलो.

"बाबा, फिरवता?"

"नको. पुन्हा हसाल."

"एकदाच हो."

म्हाताऱ्याने मला धरलं आणि त्या दिवशी फिरवलं होतं तितकंच हळू फिरवलं. एक... दोन... पडद्यावरचा लेक वेळेवर पोचला. आई सावकाश गेली. खोलीत कुणीसुद्धा हसलं नाही.

आता मला खुशाल ड्रॉवरमध्ये टाका. फक्त थोडं तेल घाला. उद्या त्याने पुन्हा मागितलं, तर मी कुरकुरायला नको.