गोड गोळ्यांच्या डब्यातली कडू बाटली

मित्रांनो, मी अर्निकाच्या अर्काची बाटली. तपकिरी काच, काळं झाकण. अंगावरचं जुनं लेबल कधीच गळून गेलं. म्हातारी झालेय, पण डोकं शाबूत आहे, म्हणून सांगते.

माझ्या पोटातलं रोपटं थंड डोंगरउतारावर वाढलं. सूर्यफुलाच्या धाकट्या बहिणीसारखी पिवळी फुलं त्याची. तिकडचे लोक फार पूर्वीपासून ती फुलं दारूत भिजवायचे आणि मुक्या मारावर चोळायचे. मग होमिओपॅथीवाल्यांनी ते उचललं. अर्क पातळ करत करत पार नावापुरता ठेवला आणि साखरेच्या गोळ्यांवर टाकला. त्या गोळ्या गोड. मी मात्र मूळ अर्क, कडूजहर! पोटात गेले तर घात. फक्त बाहेरून लावायची, तीही कातडी फुटली नसेल तरच.

या घरातले बाबा सुतार. त्यांचा हातोडा अधूनमधून खिळा सोडून अंगठ्यावर बसतो. मग आत्या मला बाहेर काढायची.

"दादा, खिळा तिकडे होता रे!"

"तू चोळ गं. अक्कल नंतर शिकव."

गुण माझा की आत्याच्या हाताचा, देव जाणे. पण बाबांचं कण्हणं थांबायचं, एवढं खरं.

घोळ एकच होता. आत्या मला गोड गोळ्यांच्या डब्यातच ठेवायची. आणि छोटीला त्या गोळ्यांचं भारी वेड. सर्दी नसली तरी नाक ओढत यायची. तिच्या लेखी डब्यातलं सगळं खाऊच.

एका दुपारी आई खोलीत आली. डबा सताड उघडा. मी खाटेखाली आडवी, पोट रिकामं. वर छोटी गाढ झोपलेली.

"अहो, धावा! पोरीने बाटली प्यायली!"

बाबा रंधा टाकून धावले. आत्या पांढरीफटक पडली. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कशी? जीव नुसता तळमळत होता.

आत्याने छोटीचं तोंड हुंगलं. "वास नाही येत गं. ऊठ, सोन्या, ऊठ. तू काय प्यायलीस?"

छोटी डोळे चोळत उठली. "मी नाही प्यायले. बाहुली पडली ना! तिला चोळलं."

पांघरुणाखालून बाहुली निघाली. चिंब भिजलेली, कापसापर्यंत तपकिरी.

"सगळी बाटली?" बाबांनी विचारलं.

"तिला खूप लागलं होतं."

आई मटकन खाली बसली आणि हसता हसता रडली. तरी छोटीला डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी नीट तपासून "काही झालेलं नाही" म्हटलं, तेव्हा कुठे घराने श्वास सोडला. मीसुद्धा.

आता मी पुन्हा भरलेली, बाबांच्या हत्यारांच्या कपाटात, वरच्या फळीवर, कुलपात असते. नवं लेबल आहे: "पिऊ नये."

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी बिननावाची बाटली असेल. आजच तिच्यावर नाव लावायला सांगा आणि तिला उंचावर ठेवायला लावा. त्या दुपारी छोटीला खाऊ आठवला नाही, बाहुलीचं दुखणं दिसलं, म्हणून आम्ही सगळे सुटलो.